लाइनअप नंतर सांगा, परतीची गाडी आधी सांगा: उन्हाळी संगीत महोत्सवांच्या आयोजकांना खुले पत्र

प्रति,
देशोदेशीच्या उन्हाळी संगीत महोत्सवांचे आयोजक यांस,

स.न.वि.वि.

प्रत्येक कंपूत एक जण असा असतो की बाकीचे 'जाऊ या रे' म्हणून मोकळे होतात आणि तो नकाशा उघडून बसतो. कोण कुठून येणार, कुणाला किती दिवस रजा मिळणार, तंबू कोण आणणार, सामान कुठे ठेवणार, रात्री परत कसं यायचं, हे सगळं त्याच्या वहीत असतं. आमच्या कंपूत हे काम माझ्याकडे आहे. तेव्हा हे पत्र अशा सगळ्या वहीवाल्यांच्या वतीने लिहितो आहे असं समजा. मला त्यांनी कुणी नेमलेलं नाही, पण ते ना म्हणणार नाहीत याची खात्री आहे.

गाण्याबजावण्याबद्दल तक्रार नाही. कुणाला बोलवायचं, किती वाजवू द्यायचं, रंगमंच केवढा उभारायचा, ते तुमचं क्षेत्र आहे. माझं म्हणणं प्रवासापुरतं आहे. तिकीट विकताना तुम्ही फाटकाच्या आतली जबाबदारी घेता आणि फाटकाबाहेरची सगळी आमच्यावर सोडता. आम्हाला मात्र पैसे, रजा आणि जीव हे तिन्ही गुंतवावे लागतात ते फाटकाबाहेर. म्हणून मागणी एवढीच की ज्या दिवशी तिकीटविक्री सुरू कराल, त्याच दिवशी यायचा आणि विशेषतः रात्री परतायचा पूर्ण बेत जाहीर करा. शेवटचं वादन किती वाजता संपणार, त्यानंतर किती बसगाड्या सुटणार, कुठून सुटणार, कुठपर्यंत जाणार, एवढं तरी. कलाकारांची नावं तीन महिन्यांनी सांगितलीत तरी आम्ही वाट पाहू.

हे जमतच नाही असं म्हणू नका. इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी महोत्सवाचे आयोजक वर्षानुवर्षं करत आले आहेत. तिथे आधी, गुरुवारी, बसप्रवासासकट असलेली तिकिटं विक्रीला येतात आणि नुसती तिकिटं त्यानंतरच्या रविवारी. म्हणजे जो बसने यायला तयार आहे त्याला रांगेत पुढची जागा. आगगाडीने येणाऱ्यांसाठी कॅसल कॅरी स्थानकापासून मैदानापर्यंत बस असते, तिला वेगळे पैसे पडत नाहीत. डेन्मार्कच्या रोस्किल्डे महोत्सवाला तर मैदानालगत स्वतःचं रेल्वे स्थानक आहे. जर्मनीत कितीतरी कार्यक्रमांचं तिकीट हेच त्या दिवशीचं शहर वाहतुकीचं तिकीट असतं, त्याला तिथे कॉम्बी तिकीट म्हणतात. यात जादू काही नाही. कुणीतरी रेल्वेवाल्यांशी आणि बसवाल्यांशी वेळेवर बोललं, इतकंच.

वेळेवर म्हणजे कधी, ते जरा आमच्या बाजूने पाहा. विमानाची तिकिटं साधारण अकरा महिने आधीपासून मिळतात आणि स्वस्त जागा आधी संपतात. ब्रिटनमध्ये रेल्वेचं पक्कं वेळापत्रक सुमारे बारा आठवडे आधी हाती येतं आणि स्वस्त तिकिटं त्याच्या आगेमागे. जपानमध्ये शिंकान्सेन या वेगवान गाड्यांची नेहमीची आरक्षणं प्रवासाच्या एक महिना आधी, सकाळी दहाला उघडतात. युरोपातल्या बहुतेक देशांसाठी चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. हॉटेलं तर तुम्ही तारीख जाहीर केल्याच्या संध्याकाळीच भाव चढवतात. इतकी घड्याळं एकाच वेळी चालू असतात, आणि या गर्दीत तुम्ही कुठला कलाकार कुठल्या दिवशी ते सहा आठवडे आधी सांगता आणि बसची वेळ आदल्या आठवड्यात. एका दिवसाचं तिकीट घेणाऱ्याने मग काय करायचं? तो रद्द करता येणाऱ्या खोल्या तीन-तीन रात्रींसाठी अडवून ठेवतो, आणि ज्याला खरंच तीन रात्री राहायचं आहे त्याला खोली मिळत नाही. हॉटेलवाल्यांच्या लोभाला तुम्ही जबाबदार नाही, मान्य. पण या अडवाअडवीचं मूळ तुमच्या मौनात आहे.

व्हिसाचा विषय निघालाच आहे तर एक छोटी गोष्ट. शेंगेनच्या अर्जाबरोबर मुक्काम कुठे ते दाखवावं लागतं. आमचा मुक्काम तुमच्याच मैदानावर, तंबूत. आमच्याकडे पुरावा म्हणून असतो तो मोबाइलमधला एक बारकोड, ज्यावर ना नाव धड, ना मुक्कामाच्या तारखा. नाव, पासपोर्ट क्रमांक, तंबूच्या जागेचा पत्ता आणि कधीपासून कधीपर्यंत, इतकं लिहिलेलं एक पानी पत्र तिकिटाबरोबर आपोआप आलं, तर परदेशातून येणाऱ्या माणसाचे कितीतरी हेलपाटे वाचतील. तुम्हाला ते पत्र तयार करायला संगणकाचं एक बटण लागेल.

आता तारखांबद्दल. हे वाचून हसाल, पण सगळ्यात जास्त घोळ इथे होतात. तुमच्या पत्रकात शनिवारच्या रकान्यात सर्वांत खाली लिहिलेलं असतं, 'रात्री १.३०'. तुमच्या दृष्टीने ती शनिवारची रात्र. रेल्वेच्या, विमानाच्या आणि हॉटेलच्या दृष्टीने तो रविवार. रविवारी रात्री साडेबाराला सुरू होणारं शेवटचं वादन सोमवारी असतं, आणि सोमवारी बऱ्याच लोकांना कामावर जायचं असतं. कृपा करून चोवीस तासांचं घड्याळ वापरा आणि मध्यरात्रीनंतरच्या प्रत्येक कार्यक्रमापुढे कॅलेंडरची खरी तारीख छापा. तिकीटविक्री सुरू होण्याची वेळ सांगताना कुठल्या देशाची वेळ तेही लिहा. आणि 'या उन्हाळ्यात भेटू' एवढंच लिहून थांबू नका, कारण अर्ध्या पृथ्वीवर उन्हाळा जानेवारीत असतो.

अमेरिकेतल्या वुडस्टॉक महोत्सवाची गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, पण ती प्रवासाच्या अंगाने फारशी सांगितली जात नाही. १९६९ सालच्या त्या महोत्सवाची जाहीर झालेली तारीख १५ ते १७ ऑगस्ट, शुक्रवार ते रविवार. गिटारवादक जिमी हेंड्रिक्स शेवटी वाजवायला उभा राहिला तेव्हा सोमवारची सकाळ झाली होती आणि बहुतेक गर्दी घरी निघून गेली होती. आज आपण ज्या वादनाची चित्रफीत पाहतो ते वादन, तिकीट काढून आलेल्या बहुतेकांनी ऐकलंच नाही. सुरुवातही तशीच. पहिल्या दिवशी ज्यांनी सुरुवात करायची होती ते कलाकार वाहतुकीत अडकले, म्हणून जो हाताशी होता त्या रिची हेवन्स या गायकाला उभं केलं आणि त्याला वाजवतच राहायला सांगितलं. कलाकारांना हेलिकॉप्टरने आणावं लागलं. याचं कारण लोक फार आले एवढंच सांगतात. पण त्याआधीचं कारण असं की आधी ठरलेल्या वॉलकिल गावाने जुलैच्या मध्यावर परवानगी नाकारली आणि जेमतेम महिनाभर आधी सगळा कारभार बेथेलच्या शेतावर हलवावा लागला. महिनाभरात रंगमंच उभा राहिला, कुंपण आणि तिकिटाच्या खिडक्या राहून गेल्या, आणि रस्त्यांचा विचार करायला तर कुणाला सवडच नव्हती. लोकांनी गाड्या महामार्गावर सोडून चालायला सुरुवात केली. त्याचं पुढे काव्य झालं. काव्य करणारे बहुधा चालले नव्हते.

महोत्सवांची नावंही फसवतात. बेथेल हे वुडस्टॉक गावापासून सुमारे सत्तर किलोमीटरवर आहे. ग्लास्टनबरी महोत्सव ग्लास्टनबरी गावात होत नाही, तो पिल्टन गावच्या वर्दी फार्मवर होतो. जपानचा फुजी रॉक १९९९ पासून फुजी पर्वताच्या आसपासही नाही, तो निइगाता प्रांतात नाएबाच्या स्की मैदानावर भरतो, आणि तिथे जायला एचिगो-युझावा स्थानकावर उतरून पुढे पाऊणएक तास बसने जावं लागतं. ही नावं आता इतकी रुळली आहेत की ती बदला असं कोण म्हणेल? पण नवे महोत्सव काढणाऱ्यांनी मोठ्या शहराचं नाव लावून मैदान दोन तासांवर घेऊ नये. घेतलंच तर जाहिरातीत शहराच्या नावाएवढ्याच ठळक अक्षरात जवळचं स्थानक आणि तिथून फाटकापर्यंतचं अंतर लिहावं. फाटकापर्यंतचं म्हणजे खरोखर फाटकापर्यंतचं. बस जिथे सोडते तिथून पायी किती, रस्ता डांबरी की शेतातला, चढ आहे का, चाकाच्या खुर्चीला जमेल का, पाठीवर तंबू घेतलेल्या माणसाला किती वेळ लागेल. नकाशावर बसचं एक गोंडस चित्र काढून हे प्रश्न सुटत नाहीत. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या माणसाला तर हे आधी कळलं नाही तर तो येतच नाही, आणि तो आला नाही हे तुमच्या कुठल्याही आकड्यात दिसत नाही.

रात्रीबद्दल मी सगळ्यात हट्टी आहे. सकाळी मैदानावर पोचणं सोपं असतं. लोक सकाळपासून दुपारपर्यंत थोडे थोडे येतात. जाताना मात्र सगळे एकाच अर्ध्या तासात उठतात, दमलेले असतात, अंधार असतो, फोनची बॅटरी संपत आलेली असते. आणि नेमक्या याच वेळेचा तुमचा बेत सगळ्यात ढिला असतो. एका महोत्सवात शेवटच्या बसच्या रांगेत आम्ही उजाडेपर्यंत उभे होतो. किती गाड्या उरल्या आहेत हे सांगणारं तिथे कुणीही नव्हतं, आणि पिवळ्या जाकिटातला पोरगा बिचारा आमच्याइतकाच अज्ञानी होता. त्याला दोष देत नाही. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

हे फक्त रॉकवाल्यांचं नाही. इटलीतल्या व्हेरोनाच्या उघड्या रोमन प्रेक्षागारात १९१३ पासून उन्हाळ्यात ऑपेरा होतात. अंधार पडल्याशिवाय सुरू करता येत नाही म्हणून नऊच्या पुढे पडदा उघडतो आणि मोठा ऑपेरा असेल तर मध्यरात्र उलटते. जर्मनीतल्या बायरॉइटला याच्या उलट आहे. तिथे संगीतकार वाग्नरचे लांबलचक ऑपेरा दुपारी चारला सुरू होतात, मध्ये तासातासाची मध्यंतरं असतात, आणि तरी रात्री दहाच्या सुमारास लोक मोकळे होतात. वाग्नर आवडत नसला तरी त्या वेळापत्रकाचं कौतुक करावं लागतं. लंडनच्या हाइड पार्कमध्ये २०१२ च्या जुलैत ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि पॉल मॅकार्टनी एकत्र गायले आणि वेळेची मर्यादा उलटली म्हणून लगेच आवाज बंद केला गेला, तेव्हा जगभर संताप झाला. मी मनातल्या मनात घड्याळाच्या बाजूने होतो. मॅकार्टनीला घरी सोडायला गाडी असते.

शेवटची गाडी आणि शेवटचं गाणं यांची सांगड घालण्याचे दोनच मार्ग आहेत. गाणं आधी संपवा, नाहीतर गाडी उशिरा सोडा. दुसरा मार्ग जमतो हे ब्रिस्टलमध्ये दिसलं. मॅसिव्ह अटॅक या बँडने २०१९ मध्ये हवामान बदलाचा अभ्यास करणाऱ्या टिंडल सेंटरच्या शास्त्रज्ञांना विचारलं की दौऱ्यांचं प्रदूषण कमी कसं करायचं, आणि २०२१ मध्ये त्यांचा अहवाल आला. २५ ऑगस्ट २०२४ ला त्यांनी आपल्या गावातल्या क्लिफ्टन डाउन्सच्या माळावर तीस हजारांहून जास्त लोकांचा कार्यक्रम त्या अहवालाच्या आधाराने केला. आसपासच्या पिनकोडवाल्यांना तिकिटं आधी, कार्यक्रम संपल्यावर खास आगगाड्या, स्थानकापर्यंत विजेवर चालणाऱ्या बसगाड्या. हेतू पर्यावरणाचा होता, कारण अशा कार्यक्रमाच्या प्रदूषणात सगळ्यात मोठा वाटा बहुतेक वेळा प्रेक्षकांच्या प्रवासाचा असतो. पण प्रेक्षकाच्या नजरेने पाहिलं तर तो फक्त एक नीट परत पोचवणारा कार्यक्रम होता. कागदी पेले आणि बांबूच्या चमच्यांबद्दल तुम्ही पानंच्या पानं लिहिता. त्यातला एक परिच्छेद रात्रीच्या गाडीला द्या.

पावसाबद्दल तुम्ही 'हवामानानुसार बदल होऊ शकतो' एवढं बारीक अक्षरात लिहून मोकळे होता. पाऊस येणार हे गृहीत धरून बेत करायचा असतो. फुजी रॉकची पहिलीच खेप, १९९७, वादळात सापडली आणि दुसरा दिवस रद्द करावा लागला. त्यानंतर त्यांनी जागा बदलली. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात टुमॉरोवर्ल्ड महोत्सवात २०१५ च्या सप्टेंबरात पावसाने रस्ते चिखलात गेले, बसगाड्या पुरेशा पोचेनात, आणि शनिवारी रात्री हजारो लोक अंधारात मैलोन्मैल चालले किंवा रस्त्याकडेला झोपले. रविवारी मैदानावर तंबूत राहणाऱ्यांनाच आत घेतलं. जर्मनीतल्या वाकेन महोत्सवाला २०२३ मध्ये चिखलामुळे प्रवेशच थांबवावा लागला, तिकिटं ८५,००० विकली गेलेली. वाटेत असलेल्यांना मागे फिरायला सांगितलं. त्यांना तिकिटाचे पैसे परत मिळाले हे चांगलंच झालं, पण विमानाचे आणि हॉटेलचे पैसे कोण देणार? युरोपात तिकीट आणि प्रवास एकत्र, एकाच पॅकेजमध्ये घेतला तर विकणाऱ्यावर कायद्याने जबाबदारी येते. वेगवेगळा घेतला तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. तिकीट घेण्याच्या पानावर हा फरक साध्या शब्दांत लिहा. तुमचा वकील नको म्हणेल, तरी लिहा.

जर्मनीतल्या डुइसबुर्गचं नाव घेतल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. २४ जुलै २०१० रोजी तिथल्या लव्ह परेड या संगीत महोत्सवाला आलेले लोक आत यायला आणि बाहेर जायला एकाच बोगद्याच्या आणि एकाच उताराच्या वाटेवर आले. चेंगराचेंगरीत २१ जण गेले, शेकडो जखमी झाले. ती जागा मैदानाच्या आत धरायची की बाहेर, यावर कितीही वाद घाला, मेलेली माणसं संगीत ऐकायला निघालेली होती. म्हणून येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी आहे का, किती रुंद आहे, ती बंद झाली तर दुसरी कुठली, हे तुमच्या सुरक्षा आराखड्यात पुरून ठेवू नका. आमच्या नकाशावर छापा. मला कंपूतल्या मंडळींना 'हरवलात तर इथे भेटा' म्हणून जागा ठरवायची असते, आणि ती जागा गर्दीच्या वाटेत नको असते.

फोनचंही जरा मनावर घ्या. लाखभर माणसं एका माळावर जमली की नेटवर्क कोलमडतं, हे तुम्हाला दरवर्षी दिसतं. तरी तिकीट फोनमध्ये, बसचा पास फोनमध्ये, वेळापत्रक अॅपमध्ये, पाणी घ्यायचं तरी पैसे फोनमधून. इंटरनेटशिवाय उघडणारं तिकीट द्या, कागदावर छापलेलं चालवून घ्या, आणि बस थांब्यावर वेळा एका मोठ्या फळ्यावर हाताने लिहा. खडू नेटवर्क गेलं तरी चालतो. शिवाय स्थानकावरून थेट येणाऱ्याची मोठी बॅग कुठे ठेवायची, रिकामी बाटली आत नेता येईल का, हे नियम प्रवासाच्या आदल्या रात्री मेलने पाठवू नका. तोवर आम्ही सामान भरलेलं असतं.

तुमच्याकडून एक शंका नक्की येईल, की इतक्या आधी बसगाड्यांची संख्या कशी ठरवणार, किती लोक येतील तेच माहीत नसतं. मग विचारा ना. तिकीट घेतानाच एक रकाना टाका: कुठून येणार, कशाने येणार, त्याच रात्री परतणार की राहणार. लोक प्रामाणिकपणे भरतील, कारण त्यात त्यांचाच फायदा आहे. तिकीट संपल्याच्या क्षणी तुमच्या हातात तुमच्या गर्दीचा नकाशा असेल, आणि रेल्वेवाल्यांकडे तुम्ही अंदाज घेऊन नाही, यादी घेऊन जाल. आकडे नंतर बदलले तर बदलले म्हणून कळवा. बेत बदलला तर आम्ही रागावत नाही. बेत आहे की नाही हेच कळत नाही तेव्हा रागावतो.

आणि ज्यांनी हे सगळं आधीच केलं आहे त्यांनी ते लपवू नये. तुमची वाहतुकीची पानं संकेतस्थळाच्या तळाशी, सतराव्या दुव्याखाली असतात. ती तिकिटाच्या बटणाच्या वर आणा. माणूस 'विकत घ्या' दाबण्याआधी त्याला दिसू दे की रात्री एक वाजता त्याच्यासाठी गाडी आहे, किंवा नाही. नाही असेल तर नाही लिहा, आम्ही तंबू आणू.

कळावे, लोभ आहेच, वाढवायचा की नाही ते बसच्या वेळापत्रकावर ठरवू.

आपला,
कंपूतला वहीवाला

ता.क. पुढच्या वर्षी महोत्सव भरणार नसेल तर तेही वेळेत सांगा. ग्लास्टनबरीवाले जमिनीला विश्रांती द्यायची म्हणून अधूनमधून एक वर्ष सोडतात आणि ते आधीच सांगून ठेवतात. २०२६ हे तसंच वर्ष. भरणार असेल तर तारखा कळवा, रजेचा अर्ज टाकायचा आहे.